एप्रिलचा वर्ग आणि सहावा अध्याय



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६. सोबत त्याच अध्यायातले ३४ आणि ३५ हे श्लोकही उघडून ठेवा. थोड्या वेळाने त्यांच्याकडे यायचंय.

आधी अर्थ साध्या भाषेत बघू. भगवंत सांगतात की मन चंचल आहे, ते एका जागी ठरत नाही. ते जिथे जिथे निसटून जाईल, तिथून तिथून त्याला आवरायचं आणि पुन्हा आत्म्याशी आणून बसवायचं. एवढंच. किती वेळा आणायचं, ते सांगितलेलं नाही. दहा वेळा आणा आणि मग नाद सोडा, असंही म्हटलेलं नाही. आणि पळालं म्हणून त्या मनाला शिक्षा काय करायची, याबद्दल तर एक अक्षरही नाही.

हा श्लोक मी कॉलेजात असताना पाठ केला होता. ध्यानाला बसताना तो आठवायचा. पण मला तो खरा कळला गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात, सातवीच्या वर्गात, मधल्या सुट्टीनंतरच्या पिरियडला. आणि कळला तोही माझं चुकल्यावर.

मी पुण्यात एका मराठी शाळेत शिकवते. ज्यांनी एप्रिलमधला वर्ग बघितलेला नाही त्यांना थोडी कल्पना देते. मार्च संपता संपता सिलॅबस संपतो. पुढे उरते ती उजळणी, तोंडी परीक्षा आणि प्रकल्पाच्या वह्या. बाहेर ऊन चाळिशीकडे निघालेलं असतं, वर पंखा नुसता कुरकुरत असतो. शिक्षक प्रगतिपुस्तकांच्या नोंदीत बुडालेले, त्यामुळे अर्धं लक्ष कागदावर. मुलांना आमच्यापेक्षा लवकर कळतं की आता नवीन काही शिकवणार नाहीत. जून ते मार्च ज्या दोरीने वर्ग बांधलेला असतो, ती दोरी सैल झालेली त्यांना बोटांनी जाणवते. मग बाक वाजतात, कागदाची विमानं उडतात, पाण्याच्या बाटल्या जमिनीवर उभ्या पडतात का ते बघायचे खेळ सुरू होतात. "मॅडम, पाणी पिऊन येऊ?" ही परवानगी एका तासात नऊ जण मागतात.

आपण या सगळ्याला एकच नाव देतो: मस्ती. "शेवटी शेवटी पोरं हाताबाहेर जातात." मीही तेच म्हणायचे.

आता प्रसंग सांगते. मुलाचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसायचा. वर्षभर तसा मधलाच. फार हुशार नाही, फार त्रासदायकही नाही. मार्चच्या मध्यापासून मात्र त्याने बाक वाजवायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, ढोलाच्या ठेक्यावर. थांबवलं की दोन मिनिटं शांत, मग पुन्हा ठेका. त्याचं बघून मागचे दोन बाक सुरू व्हायचे. मी ओरडले, उभं केलं, वहीत शेरा लिहिला, दाराजवळ बसवलं. काही उपयोग नाही.

त्या दिवशी मी अपूर्णांकांची उजळणी घेत होते. डोकं दुखत होतं. दुपारपर्यंत ५२ प्रगतिपुस्तकांच्या नोंदी द्यायच्या होत्या. मी फळ्याकडे वळले आणि ठेका सुरू झाला. मी खडू ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या एकट्यामुळे ५१ जणांचं नुकसान होतंय. पुढच्या वर्षी तू माझ्या वर्गात नसशील, हे माझं नशीबच म्हणायचं."

वर्ग हसला. तोही हसला. मग मान खाली घातली आणि उरलेला पूर्ण तास तो गप्प होता. वर्ग इतका शांत झाला की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी बरं वाटलं. वाटलं, जमलं आपल्याला.

शाळा सुटल्यावर ऑफिसच्या खिडकीशी एक गृहस्थ उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि त्या मुलाचं नाव सांगून म्हणाले, "मॅडम, याचा दाखला कधी मिळंल? आम्ही गावाकडं चाललोय कायमचं. इथलं काम सुटलं माझं. मार्चमध्येच ठरलं, पण म्हटलं परीक्षा होऊ द्या."

मी विचारलं, "त्याला माहितीये?"

"हो, तेव्हाच सांगितलं त्याला. काही बोलत नाही तो. लई शांत आहे घरी."

घरी शांत आणि वर्गात ढोल. मार्चच्या मध्यापासून. मी तारखा जुळवल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. जे पोर 'पुढच्या वर्षी मी इथे नसेन' हे महिनाभर एकट्याने मनात घेऊन बसलं होतं, त्याला मी भर वर्गात सांगितलं होतं की तू नसशील हे माझं नशीब!

त्या रात्री रोजचं वाचन करायला बसले तेव्हा पान उघडलं ते सहाव्या अध्यायाचंच, कारण क्रमाने तोच चालू होता. २६ वा श्लोक वाचला आणि पुढे जाता येईना. भगवंत म्हणतात, जिथून पळेल तिथून परत आणा. मी काय केलं होतं? पळणाऱ्याला मी आणखी लांब हाकललं होतं. तो गप्प झाला, हे खरं. पण गप्प होणं आणि परत येणं यात केवढं अंतर आहे! ध्यानाला बसलेल्या माणसाने मनाला दरडावलं तर तेही घटकाभर दबून बसतं, आणि डोळे उघडले की दुप्पट जोराने पळतं. हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. मग मुलांच्या बाबतीत आपण वेगळी अपेक्षा का करतो?

ज्ञानेश्वर माउलींनी या ठिकाणी जे म्हटलंय, ते प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक आईबाबांनी वाचावं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली आधी सांगतात की एक नियम जिवाभावाने आपलासा करा. तेवढ्याने चित्त स्थिरावलं तर उत्तमच. नाही स्थिरावलं, तर त्याला मोकळं सोडून द्या! मोकळं सुटलेलं ते जिथे कुठे जाईल, तिथून तो नियमच त्याला घेऊन येईल, आणि असं होता होता त्याला स्थिर राहायची सवय लागेल. ओवी मूळ शब्दांत नक्की वाचा. मी इथे फक्त भाव सांगतेय.

यात मला जे दिसलं ते असं. परत आणण्याचं काम माउलींनी नियमाकडे दिलंय. रागाकडे दिलेलं नाही, आवाज चढवण्याकडे दिलेलं नाही. आणि आम्ही शाळेत नेमकं उलट करतो. एप्रिल आला की नियम आधी आम्हीच सोडतो. परिपाठ घाईत उरकतो, तास पाच मिनिटं उशिरा सुरू करतो, "जे करायचं ते करा, फक्त आवाज नको" म्हणतो. नियम गेला की परत आणायला उरतो फक्त आमचा आवाज. तो दिवसभरात बसतो, मग जीभ धारदार होते. पोरं बिघडली असं आपण म्हणतो तेव्हा कितीदा तरी आधी आपला नियम मोडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, माफी मागितली. अपमान सगळ्यांसमोर केला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. "काल मी जे बोलले ते चुकीचं होतं. कुणी वर्गात नसणं हे कुणाचं नशीब नसतं. मला वाईट वाटतंय." वर्गात कुणाला कळेना, हसायचं की नाही. तो इतकंच म्हणाला, "ठीके मॅडम," आणि खिडकीबाहेर बघत राहिला. गावी जाण्याबद्दल मी काही बोलले नाही. ते सांगणं न सांगणं त्याच्या हातात होतं.

दुसरी, नियम परत आणला. जून महिन्यात आमच्या वर्गात एक पद्धत होती: तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं फळ्यावर एक गणित, सगळ्यांनी न बोलता वहीत सोडवायचं, मग एक मिनिट डोळे मिटून शांत बसायचं, आणि मग हजेरी. फेब्रुवारीत सिलॅबसच्या घाईत ती कधी बंद पडली ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून ती पुन्हा सुरू केली, शेवटच्या दिवसापर्यंत.

आता तुम्हाला वाटेल, मग वर्ग एकदम सुधारला असेल. अजिबात नाही. त्याच दिवशी वीस मिनिटांनी ठेका सुरू झाला! मी काही न बोलता शिकवत शिकवत त्याच्या बाकापर्यंत गेले आणि त्याच्या वहीतल्या गणितावर बोट ठेवलं. तो थांबला. चार मिनिटांनी पुन्हा. मी पुन्हा गेले. त्या एका तासात मी सात वेळा गेले. मोजत होते, कारण मनात तो श्लोक घोळत होता. चौथ्या वेळी संताप आला होता. पाचव्या वेळी लक्षात आलं की त्या तासात सर्वांत जास्त वेळा पळालेलं मन माझंच आहे: रागाकडे, अपमानाकडे, "हा माझं ऐकत कसा नाही" या अहंकाराकडे. त्याच्या बाकाकडे चालत जाताना प्रत्येक वेळी मी आधी स्वतःला परत आणत होते. पुढच्या आठवड्यात सातच्या जागी तीन-चार वेळा जावं लागलं. शून्य कधीच झालं नाही.

आमच्या शाळेतल्या एक ज्येष्ठ मॅडम आहेत, तीस वर्षं शिकवतायत. त्यांना मी विचारलं, "तुमचा वर्ग एप्रिलमध्येही शांत कसा?" त्या हसल्या. "शांत कुठे असतो? मी फक्त दमत नाही. म्हणजे दमते, पण त्यांना कळू देत नाही." मग त्यांनी दोन-चार गोष्टी सांगितल्या. बोलायचं ते हळू आवाजात, बाकाजवळ जाऊन, त्या एकालाच ऐकू जाईल असं. ५२ जणांसमोर बोललं की पोराला ५१ जणांसमोर आपली पत राखावी लागते, मग ते उलट उत्तर देणारच. "का करतोस असं?" हे विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर त्यालाही माहीत नसतं. "आता काय करायचं होतं आपण?" हे विचारायचं. ज्याचे हात स्वस्थ बसत नाहीत त्याच्या हाताला काम द्यायचं, वह्या वाटायचं, नकाशे गुंडाळायचं, फळा पुसायचं. आणि कालचा हिशेब आज काढायचा नाही. रोज सकाळी पाटी कोरी.

मला हे सगळं ऐकताना वाटलं, या मॅडम ध्यानयोगच सांगतायत की! मनाशीही हेच करायचं असतं. ध्यानात विचार आला की "का आला, कसा आला" करत बसलो तर आपणच त्याच्यामागे गावभर हिंडून येतो. "आता काय करायचं होतं?" एवढं आठवायचं आणि नामाकडे यायचं. २६ व्या श्लोकाच्या आधीच्याच श्लोकात भगवंतांनी गती सांगून ठेवलीय: हळूहळू, धीर धरलेल्या बुद्धीने.

मग कडकपणा नकोच का? हा प्रश्न रास्त आहे. श्लोकात प्रेमाने सोडून द्या असं म्हटलेलं नाही, आवरून परत आणा असं म्हटलंय. आवरणं आहेच. एक मूल दुसऱ्याला मारत असेल, कुणाची रोज टिंगल करत असेल, तर तिथे तत्क्षणी थांबवायचं, पालकांना बोलवायचं, मुख्याध्यापकांना सांगायचं. ज्याला त्रास होतोय त्याच्यावर अन्याय करून मिळवलेली आपली शांती काय कामाची? पण थांबवणं वेगळं आणि लाज काढणं वेगळं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेला बंदी करतं हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच कलमात मानसिक छळालाही तितकीच बंदी आहे, हे आम्ही सोयीने विसरतो. छडी खाली ठेवली आणि जीभ उचलली, असं आमचं झालंय. माझंही झालं होतं.

समर्थ रामदासांचं बघा. मनाचे श्लोक २०५ आहेत. मनाला एवढा उपदेश करायचाय म्हणजे ते मन काही फार गुणी नसणार, हे उघड आहे. तरी समर्थ त्या हट्टी, पळपुट्या मनाला हाक मारतात ती 'सज्जन' म्हणून! आधी चांगलं नाव, मग उपदेश. मी माझ्या विद्यार्थ्याला वर्षभर कोणत्या नावांनी हाक मारली होती, याची यादी त्या रात्री डोळ्यांसमोर आली. त्यात 'सज्जन'च्या जवळपास जाणारं एकही नाव नव्हतं.

आता उघडून ठेवलेल्या ३४ व्या आणि ३५ व्या श्लोकाकडे येऊ. भगवंतांचा विद्यार्थी तक्रार करतोय. अर्जुन म्हणतो, कृष्णा, हे मन चंचल आहे, दांडगं आहे, हट्टी आहे. त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला धरून ठेवण्याइतकं अवघड वाटतंय मला. ही तक्रार स्टाफरूममध्ये एप्रिल महिन्यात रोज होते, फक्त मनाच्या जागी आठवी 'ब' असते.

भगवंतांचं उत्तर फार सुंदर आहे. "एवढं सांगितलं, तरी तेच विचारतोस?" असं ते म्हणत नाहीत. आधी मान्य करतात की हो, यात शंकाच नाही, मन आवरायला कठीणच आहे. आणि हे मान्य करताना त्याला हाक मारतात 'महाबाहो'. ज्या क्षणी विद्यार्थी म्हणतोय की माझी ताकद पुरत नाही, त्याच क्षणी गुरू त्याला त्याच्या बळकट बाहूंची आठवण करून देतो. आणि मग उपाय सांगतो. उपाय दोन: अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास! आम्ही शिक्षक हा शब्द दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. "अभ्यास केलास का? अभ्यास कर." मराठीत अभ्यास म्हणजे धडे वाचणं, गणितं सोडवणं. गीतेतला अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहणं. पहिल्या अर्थाचा अभ्यास मार्चमध्ये संपतो, सिलॅबसबरोबर. दुसऱ्या अर्थाचा अभ्यास शेवटच्या घंटेपर्यंत संपत नाही. सात वेळा बाकाशी जाणं हा माझा अभ्यास होता, आणि सात वेळा गणिताकडे वळणं हा त्याचा. प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही, पण त्या वर्षी आम्ही दोघांनी खरा अभ्यास केला असेल तर तो हाच.

आणि वैराग्य? तरुणपणी हा शब्द ऐकला की आपण जरा दचकतो. भगवी वस्त्रं, हिमालय वगैरे. पण वर्षअखेर प्रत्येक शिक्षकाला वैराग्याची परीक्षा द्यावीच लागते. दहा महिने ज्या मुलांना "माझा वर्ग" म्हटलं, ती १ मेला निकाल घेऊन निघून जाणार. जूनमध्ये ती दुसऱ्या कुणाला तरी मॅडम म्हणणार. आपण केलेल्या कामाचं फळ दिसेल तेव्हा ती आपल्यासमोर नसणार. मला वाटतं, एप्रिलमध्ये आम्ही शिक्षक जे चिडतो, त्यात उन्हाइतकाच याचाही वाटा असतो. आपली पकड सुटतेय हे सहन होत नाही. मुलांचंही तेच. नवीन वर्ग, तुकडी बदलणार, मित्र दुरावणार, कुणाचं गाव सुटणार. ते दुःख बोलून दाखवायला बारा वर्षांच्या मुलाकडे शब्द नसतात. बाक असतो.

गीतेचा शेवट आठवा. अठराव्या अध्यायात, ६३ व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात: मी तुला सगळं ज्ञान सांगितलं, आता त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. केवढी मोकळीक! जगाचा गुरू विद्यार्थ्याचा हात सोडतोय. आणि लगेच ६४ व्या श्लोकात पुन्हा हाक मारतो: परत एकदा ऐक, तू माझा फार आवडता आहेस, म्हणून सांगतो. मग ७२ व्या श्लोकात विचारतो, मन एकाग्र करून ऐकलंस ना? तुझा मोह गेला ना? धमकी नाही, निकालाची भीती नाही. सोडून देणं आणि परत बोलावणं, दोन्ही एकाच जिव्हाळ्याने. आणि हा वर्ग भरला होता कुठे, तर दोन सैन्यांच्या मध्ये, शंख आणि नगारे वाजून गेल्यावर. शांत वर्ग मिळाल्यावर शिकवीन, असं भगवंतांनी म्हटलं असतं तर गीता सांगूनच झाली नसती.

तुमच्यापैकी बरेच जण शिक्षक नाहीत, हे मला माहीत आहे. पण घरी परीक्षा संपलेला भाचा असेल, सोसायटीत दुपारभर क्रिकेटचा दंगा असेल, ऑफिसमध्ये नोटीस पिरियडवर असलेला आणि कामात लक्ष नसलेला एखादा सहकारी असेल. आणि कुणीच नसलं तरी स्वतःचं मन आहेच. जप करताना फोनकडे जाणारा हात, शुक्रवारी दुपारी तीननंतर लॅपटॉपवरून उडालेलं लक्ष, हा सगळा शेवटच्या बाकावरचाच दंगा. जे संपत आलंय ते टाकून देण्याची घाई आपल्या सगळ्यांनाच असते. नियम शेवटपर्यंत धरायचा आणि माणसाला मात्र धरून ठेवायचं नाही, ही दोन्ही कामं एकदम करायची असतात. अवघड आहे. भगवंतांनीच मान्य केलंय की अवघड आहे.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. शेवटच्या आठवड्यात त्याने स्वतःच मित्रांना सांगितलं की तो जाणारे. शेवटच्या दिवशी भिंतीवरचे नकाशे उतरवायचं काम त्याच्याकडे होतं. सगळे गेल्यावर नकाशा गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "मॅडम, तिकडच्या शाळेत पण पहिली पाच मिनिटं असतात का?"

मी म्हटलं, "असतील की. नसली तर तू तुझी तुझी कर. फळ्यावर गणित नसलं तरी डोळे मिटता येतात."

त्याने मान डोलावली. मग जाता जाता दारावर दोन्ही हातांनी एक ठेका वाजवला, मोठ्याने. मी काही म्हटलं नाही. घंटा झाली होती.

आजचा संकल्प: आज ज्या कुणावर चिडून बोलावंसं वाटेल, त्याच्याशी बोलण्याआधी स्वतःचं मन एकदा परत आणायचं. मग त्याला चांगल्या नावाने हाक मारायची, हळू आवाजात. आणि कालच आपल्या तोंडून काही लागेलसं निघालं असेल, तर ज्यांच्यासमोर निघालं त्यांच्यासमोरच माफी मागायची. उद्यावर टाकू नका. दाखला कधी तयार होईल ते आपल्याला माहीत नसतं.

हे पांडुरंगा, आमचं मन रोज हजार वेळा पळतं आणि तू एकदाही दार लावून घेत नाहीस. तू आम्हाला जसं परत परत जवळ बसवतोस, तसं दुसऱ्याला बसवण्याचा धीर आम्हाला दे. सोडायची वेळ येईल तेव्हा हसत सोडण्याचं बळ दे. आणि जी मुलं या उन्हाळ्यात नव्या गावी, नव्या बाकावर जाऊन बसणार आहेत, त्यांना तिथे नावाने हाक मारणारं कुणीतरी भेटू दे.

जय जय राम कृष्ण हरी!